मामाच्या नावावरची चित्रं

कॉमिक्सच्या चित्रकारांच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही. ही बढाई आहे, आणि ती मी मारणारच, कारण मध्य प्रदेशातल्या आमच्या अख्ख्या बालाघाटात मला या बाबतीत हटकणारं कुणी नाही. मला स्वतःला आंबासुद्धा धड काढता येत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि फळ्यावर हृदयाची आकृती काढायची वेळ आली की वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीला बोलावते. पण जुन्या हिंदी कॉमिक्सचं एक पान समोर टाका. ते कुणी काढलंय, त्यात शाई दुसऱ्यानं भरली आहे का, आणि चित्रकार त्या दिवशी कंटाळला होता का, हे मी चहा संपायच्या आत सांगते.

हे शिक्षण माझं बसस्टँडजवळच्या एका पत्र्याच्या दुकानात झालं. तिथं दोरीला चिमटे लावून कॉमिक्स टांगलेली असत आणि ती भाड्यानं मिळत. दुकानदाराला मुली आलेल्या फारशा आवडत नसत. ‘पढ़ना है तो बैठ के पढ़, पन्ना मत मोड़ना,’ एवढंच तो म्हणायचा. मी पान मोडत नसे. माझी वाचायची पद्धतच वेगळी होती. गोष्ट एकदा वाचून संपली की मी चित्रांमधली माणसं बघत बसायची, आणि तीही नायक सोडून. नायक कुणालाही काढता येतो. छाती फुगवायची, केसांना एक झुलूप द्यायचं की झालं. खरा कस लागतो तो मागं उभ्या असलेल्या हमालात, हॉटेलातल्या गिऱ्हाइकात, दारातून डोकावणाऱ्या बाईत.

बहुतेक चित्रकारांची नावं पुस्तकात कुठंच नसत. असलीच तर सगळ्यांची मिळून एखाद्या स्टुडिओच्या नावाखाली गुंडाळलेली असत. म्हणून मीच त्यांना नावं ठेवली होती. एक होता ‘पाठवाला’. तो माणसं पाठमोरी काढायचा, आणि नुसत्या खांद्यांवरून कळायचं की हा माणूस घरी जाऊन जेवणार नाही. एक ‘खिसेवाला’ होता, त्याला बोटं काढता येत नसत, म्हणून त्याच्या गोष्टीतला दरोडेखोरसुद्धा खिशात हात घालून उभा असायचा. त्याची मी चिक्कार चेष्टा केली आहे. पण त्याच खिसेवाल्यानं काढलेला पाऊस झालेल्या रस्त्याचा चिखल आजही माझ्या डोळ्यांपुढं आहे. चप्पल उचलली की तळाशी किती माती येते, हे त्याला ठाऊक होतं. या माणसांचा सत्कार कुणी केला नाही, त्यांच्यावर कुणी लिहिलं नाही. मोठमोठ्या चित्रकारांच्या जाडजूड पुस्तकांमध्ये त्यांना एक ओळसुद्धा मिळालेली नाही, आणि हा माझ्या मते निव्वळ करंटेपणा आहे.

या सगळ्यांत जो सरस होता त्याला मात्र नाव ठेवायची मला गरज पडली नाही. तो आमच्याच घरात राहत होता. ते माझे बाबा.

बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे. संध्याकाळी आणि रविवारी ते नागपूरच्या एका छोट्या प्रकाशकासाठी हिंदी कॉमिक्स काढत. गोष्ट टाइप करून टपालानं यायची. गोष्टींचा नायक एक जंगलातला नाकेदार, म्हणजे वनरक्षक, होता. सायकलवर फिरायचा, लाकूडचोर पकडायचा, आणि दर दोन अंकांनी एकदा सायकल पंक्चर व्हायची. गोष्टी यथातथाच होत्या. चित्रं मात्र अशी की बघत राहावं.

ती का चांगली होती ते सांगते, नाहीतर बापाचं कौतुक करतेय असं वाटेल. खात्यात नकाशा काढताना आधी एक आडवी रेघ मारतात, सगळ्या उंची-खोलीच्या मोजण्या त्या रेघेपासून करायच्या. बाबांना तिची इतकी सवय लागली होती की कॉमिक्सच्या पानावरही ते आधी तीच रेघ मारायचे, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पेन्सिलनं, हलकी. मग त्यावर चौकटी पाडायचे. म्हणजे एका ओळीतल्या तीन चौकटींत तीन वेगळ्या जागा असल्या तरी जमीन एकाच पातळीवर. पहिल्या चौकटीतला धानाचा बांध दुसऱ्या चौकटीतल्या ओट्याला जाऊन मिळायचा आणि तिसऱ्यातल्या रस्त्याला. वाचणाऱ्याला काही कळत नसे, पण त्याचा डोळा न ठेचकाळता पुढं चालत जायचा. दुसऱ्या कुणाच्याही कॉमिक्समध्ये मला ही गोष्ट कधी दिसलेली नाही.

शिवाय ते जे काढायचे ते पाहिलेलं असायचं. सर्व्हेच्या कामानं ते बिरसा तालुक्यातल्या जंगलात महिना महिना राहिलेले. त्यामुळं त्यांच्या चित्रातलं सालाचं झाड सालाचंच असे, आणि तिकडच्या म्हातारीच्या कपाळावरचं गोंदण जिथल्या तिथं असे. इतर चित्रकारांचं जंगल म्हणजे नुसती वेलींची गुंतवळ.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या एकाही पुस्तकावर बाबांचं नाव नाही. आहे ते माझ्या मामाचं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रामपायलीचा. धानाची शेती करणारा, दिलखुलास, चित्रकलेशी काडीचाही संबंध नसलेला. झालं असं की सरकारी नोकरानं परवानगीशिवाय बाहेरचं काम करायचं नाही, असा नियम होता, आणि बाबा नियमाला भिणारे. परवानगी मागायची त्यांची हिंमत नव्हती. मागितली तर साहेब विचारणार, कसली चित्रं, आणि ऑफिसभर हसं होणार. प्रकाशकाला तर नाव हवंच होतं. म्हणून बाबांनी मामाचं नाव आणि पत्ता कळवून टाकला. आमच्याकडची बरीच नोकरदार मंडळी असंच करत. कुणाच्या नावावर शिकवण्या, कुणाच्या नावावर विम्याचं काम. पण शिकवणी घेतली ती कुणाच्या नावावर होती हे दहा वर्षांनी कुणी विचारत नाही. पुस्तक मात्र उरतं.

दर पंधरा दिवसांनी मामा बालाघाटला यायचा. धानाच्या कामासाठी येतोय असं गावात सांगायचा आणि जाताना आमच्याकडून पानांची गुंडाळी घेऊन जायचा. रामपायलीच्या पोस्टातून ती नागपूरला जायची. पुस्तक छापून आलं की त्यावर मामाचं नाव. पोस्टमननं ते गावभर सांगितलं आणि मामा बघता बघता चित्रकार झाला. शाळेला हिंदुस्थानचा नकाशा हवा, की मामाला सांगा. मंडळाला गणपतीमागचा पडदा हवा, की मामाला सांगा. मामा गंभीर चेहरा करून ‘पाहातो, मूड लागला त’ म्हणायचा आणि पुढच्या फेरीत ते काम आमच्या बैठकीत आणून टाकायचा. बाबा निमूटपणे करून द्यायचे. आई म्हणायची, ‘तुमच्या दोघांचं तुम्ही पाहा, मी त्यात पडत नाही.’

मला तेव्हाच राग यायचा. पाचवीत असताना मी वर्गात पुस्तक नेलं आणि हे माझ्या बाबांनी काढलंय असं सांगितलं. मास्तरांनी पहिलं पान उघडून नाव वाचलं, मला उभं केलं आणि खोटं बोलणं किती वाईट यावर सगळ्या वर्गाला भाषण दिलं. घरी येऊन रडले तर बाबा म्हणाले, ‘कोणाले सांगू नको बाई, माही नोकरी जाईन.’ त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. ज्यांनी मला ओळखलंय त्यांना कळेल की हे किती अवघड गेलं असेल.

पुढं प्रकाशक बंद पडला. बाबा निवृत्त झाले. आई गेली. बाबा आता ऐंशीच्या पुढं आहेत, माझ्याकडेच असतात, सकाळी पेपरातलं कोडं सोडवतात. चित्रांचा विषय घरात निघत नसे. मला वाटायचं, त्यांना त्याचं काही नाही. विरक्त माणूस आहे.

गेल्या हिवाळ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रामपायलीला मामाच्या ओसरीत नागपूरचा एक तरुण उभा होता आणि मामाच्या अंगावर शाल घालत होता. खाली लिहिलं होतं, विस्मृतीत गेलेला महान चित्रकथाकार सापडला. मामा शाल सावरत कॅमेऱ्याकडं बघून हसत होता. माझं डोकंच फिरलं. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, व्हिडिओ पूर्ण बघितला, परत पहिल्यापासून बघितला, आणि फोन माझ्याकडं देऊन कोडं सोडवायला लागले.

मी त्या नागपूरच्या तरुणाचा नंबर मिळवला. चांगला मुलगा निघाला. जुनी कॉमिक्स जमवतो, आणि नाकेदाराच्या सगळ्या गोष्टी एका जाड पुस्तकात पुन्हा छापायच्या तयारीत होता. मी त्याला म्हटलं, चित्रकार चुकीचा पकडलात. तो नम्रपणे म्हणाला, ‘मॅडम, प्रत्येक अंकावर नाव आहे. तुमच्याकडे मूळ पानं आहेत का?’ मूळ पानं कुठली असायला. प्रकाशकानं ती कधी परत केली नाहीत, रद्दीत गेली असणार.

मग मी त्याला म्हटलं, तुमच्याकडं पट्टी आहे? कुठलाही अंक उघडा, कुठलंही पान घ्या आणि एका ओळीतल्या चौकटींच्या जमिनीला पट्टी लावा. अर्ध्या तासानं त्याचा परत फोन आला. आवाज बदललेला होता. त्यानं सात अंक तपासले होते, एकाही पानावर जमीन हललेली नव्हती. मग मी त्याला खात्यातल्या त्या आडव्या रेघेचं सांगितलं.

‘तुमचे मामा कधी नकाशाच्या कामावर होते का?’ त्यानं विचारलं.

‘मामानं आयुष्यात धानाशिवाय काही केलेलं नाही,’ मी म्हटलं.

तो म्हणाला, ‘मला तुमचं पटतंय. पण छापील नाव बदलायचं तर दोघांपैकी एकानं स्वतः सांगायला हवं. पुस्तक या महिन्यात छपाईला जाणार आहे.’

म्हणजे महिन्याभरात काय ते व्हायला हवं होतं. त्यानंतर ते जाड पुस्तक मामाच्या नावानं निघणार आणि कायमचं तसंच राहणार. मी बाबांना सगळं सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला, म्हटलं, बोला. बाबांनी तो टेबलावर ठेवला.

‘पेन्शनचं काही झालं त?’

‘बाबा, रिटायर होऊन वीस वर्षांच्या वर झाली. ते साहेबसुद्धा आता नाहीत.’

‘तरी.’

‘मग मामाला फोन करा. तो सांगेल खरं काय ते.’

‘सासरच्या माणसाले मांगत नसते,’ बाबा म्हणाले. ‘लग्नात नाही मांगतलं, आता कायले मांगू?’

आमच्याकडं जावई म्हणजे देवच. घरात आला की मोठेसुद्धा पाया पडतात, पाटावर बसवतात. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्याला मान ठेवायचा आहे त्या जावयानं सासरी कशाला हात पसरायचा नाही. बाबांनी आयुष्यभर ते पाळलं, रामपायलीहून आलेली तांदळाची पिशवीसुद्धा ते ‘ठेव तिकडं’ म्हणून घेत. मला वाटलं, हा आपला बहाणा आहे. खरं म्हणजे यांना नावाची हौसच नाही, आणि मीच उगाच जिवाचा आटापिटा करतेय. तरी मी सोडणारी नव्हते. नागपूरचा मुलगा रविवारी मामाकडं जाऊन, मामा चित्र काढतोय असं चित्रीकरण करणार होता. मी बाबांना म्हटलं, रामपायलीच्या राममंदिरात दर्शनाला जाऊ. बाबांनी स्वच्छ सदरा काढला. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

वाराशिवनीवरून रामपायलीला पोचलो तेव्हा मामाच्या ओसरीत सगळी तयारी झाली होती. स्टँडवर फोन लावलेला, टेबलावर जाड कागद, नवीन पेनं. मामाची सून चहा घेऊन उभी, आणि शेजारचे दोघं म्हातारे बघायला येऊन बसलेले. मामा पंचाहत्तरीचा, तरी उठून बाबांच्या पाया पडला. बाबांना बघून त्याचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं, मुद्देसूद, दहावीच्या पेपरासारखं.

‘काका, नाकेदार काढून दाखवा ना, सायकलवरचा,’ नागपूरचा मुलगा म्हणाला आणि फोन सुरू केला.

मामानं पेन उचललं. कागदाकडं पाहिलं. चष्मा पुसला, परत घातला. सगळे थांबले होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामानं पेन खाली ठेवलं.

‘माह्यानं नाही होत जी. मले येतच नाही. हे सारे चित्रं या भाऊजीइनं काढले. मी फकत पोस्टात नेऊन टाकत होतो.’

सून चहाचा ट्रे धरून तशीच उभी राहिली. शेजारचा म्हातारा पुढं सरकला. ‘मंग शाळेतला नकाशा?’

‘तो बी भाऊजीचाच.’

‘अन गनपतीचा पडदा?’

‘सांगतलं ना बाप्पा, सारं भाऊजीचंच हाये,’ मामा वैतागून म्हणाला आणि पदरी पडलेली ती शाल आठवून की काय, खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला.

माझं भाषण तसंच राहिलं. नागपूरच्या मुलानं बाबांकडं वळून विचारलं, ‘काका, तुमचं काय म्हणणं? पुस्तकावर नाव कुणाचं देऊ?’

इथं मला धडकी भरली. बाबा आता मोठेपणा दाखवणार, म्हणणार की राहू द्या त्याचंच, एवढी वर्षं आहे तर, आणि सगळं मुसळ केरात जाणार.

‘माहं द्या,’ बाबा म्हणाले. ‘पूर्ण द्या, माह्या बाबाच्या नावासकट. अन आडनाव बारीक टायपात टाकू नका.’

त्यांनी कागद ओढून घेतला आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचे तशा सरळ, सुट्या अक्षरांत आपलं नाव लिहून त्या मुलापुढं सरकवलं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. पाठमोऱ्या चित्रावरून माणूस ओळखणारी मी, पण रोज समोर बसणारा बाप मला ओळखता आला नव्हता. त्यांना ते नाव हवं होतं. कायम हवं होतं. मला त्यांचा अभिमानही वाटला आणि स्वतःची लाजही वाटली.

मामा त्या कागदावरचं नाव वाचत होता. वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले.

‘भाऊजी,’ तो म्हणाला, ‘तुमी रिटायर झाले तवाच नोकरीचं भेव संपलं होतं. येकडाव म्हनलं असतं त मी त्याच दिवशी सांगून टाकलं असतं गावात. काहून नाही मांगतलं?’

बाबांनी पेनाचं टोपण लावलं.

‘मी वाट पाहून राह्यलो होतो,’ ते म्हणाले, ‘तू सोताहून देशीन म्हनून.’

नागपूरचा मुलगा हळूच फोनकडं गेला आणि खालच्या आवाजात मामाला म्हणाला, ‘काका, हे एवढं मी कापून टाकतो. पुस्तकासाठी नाव मिळालं, बाकीचं कुणाला दाखवायची गरज नाही.’

मामानं पंच्यानं तोंड पुसलं.

‘कापू नका,’ तो म्हणाला. ‘पुऱ्या रामपायलीले पाहू द्या. वीस वर्सं उशीर करून देऊन राह्यलो, मंग लपवून कायले देऊ?’